आशियातली प्रायव्हेट इक्विटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या पंचवीसेक वर्षांत आशियातल्या बँका, रुग्णालयं, औषध कंपन्या, सुपरमार्केट आणि चिपचे कारखाने यांच्या मालकीत प्रायव्हेट इक्विटी फंडांचा वाटा वाढत गेला. पैसा आला की पहिल्या पानावर बातमी येते. तो परत कधी आणि किती गेला, ते आतल्या पानावर चार ओळींत आटोपतं. या व्यवसायाचा खरा कस मात्र पैसा परत नेतानाच लागतो. म्हणून खालच्या उत्तरांत 'बाहेर पडणं' हा विषय पुन्हा पुन्हा येईल.

प्रायव्हेट इक्विटी म्हणजे नक्की काय?

मोठ्या गुंतवणूकदारांकडून पैसा गोळा करायचा, बहुतेक वेळा शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपन्यांचा हिस्सा विकत घ्यायचा, चार-सहा वर्षं त्यांच्या कारभारात लक्ष घालून किंमत वाढवायची आणि हिस्सा विकून पैसा परत करायचा, असा हा व्यवसाय आहे. कधी संपूर्ण कंपनी घेतली जाते, त्या व्यवहाराला बायआउट म्हणतात. कधी १०-२० टक्क्यांचा हिस्सा घेऊन वाढीसाठी भांडवल दिलं जातं, ते ग्रोथ कॅपिटल. नवख्या कंपन्यांना पैसा देणारं व्हेंचर कॅपिटल याच घराण्यातलं, पण त्याचं गणित वेगळं: तिथे दहातल्या बहुतेक कंपन्या बुडणार हे धरूनच चाललेलं असतं.

फंडाचं आयुष्य साधारण १० वर्षांचं. पहिली पाच वर्षं खरेदीची, पुढची विक्रीची. शेअर बाजारात घेतलेला शेअर पटला नाही तर उद्या सकाळी विकता येतो. इथे ती सोय नसते आणि सगळे डावपेच त्यातूनच जन्मतात.

हा पैसा असतो कोणाचा?

पेन्शन फंड, विमा कंपन्या, विद्यापीठांचे निधी, सरकारी गुंतवणूक निधी आणि श्रीमंत घराणी यांचा. या मंडळींना एलपी (लिमिटेड पार्टनर) म्हणतात, फंड चालवणाऱ्यांना जीपी (जनरल पार्टनर). सिंगापूरच्या टेमासेक (स्थापना १९७४) आणि जीआयसी (१९८१) या सरकारी संस्था दुसऱ्यांच्या फंडांतही पैसा घालतात आणि स्वतः थेट कंपन्याही घेतात.

एलपी एकरकमी पैसा देत नाहीत. ते वचन देतात. चांगली कंपनी सापडली की जीपी 'कॅपिटल कॉल' काढतो आणि ठरलेल्या मुदतीत रक्कम भरावी लागते. जीपीला दरवर्षी साधारण २ टक्के व्यवस्थापन शुल्क मिळतं. एलपींना वार्षिक ८ टक्क्यांच्या आसपास परतावा मिळाल्यानंतर नफ्यातला २० टक्के वाटा जीपीचा, त्याला 'कॅरी' म्हणतात. जीपीची खरी कमाई कॅरीत असते.

पैशाची साखळी किती लांब जाते याचं एक उदाहरण. पुण्याचं सह्याद्री हॉस्पिटल्स २०१९ मध्ये एव्हरस्टोन या फंडाने घेतलं आणि २०२२ मध्ये ते कॅनडातल्या ऑन्टारिओ टीचर्स पेन्शन प्लॅनला विकलं. म्हणजे कर्वे रोडवरच्या रुग्णालयाचा ताळेबंद टोरोंटोकडच्या निवृत्त शिक्षकांच्या पेन्शनशी जोडला गेला. पुढे २०२५ मध्ये मणिपाल समूहाने सह्याद्री घेण्याचा करार केला, आणि मणिपालमध्ये बहुमताची मालकी आहे टेमासेककडे.

आशियात हे सुरू कधी झालं?

तुरळक फंड नव्वदच्या दशकातही होते, पण खरी दारं उघडली १९९७ च्या आर्थिक संकटाने. थायलंडच्या बाटपासून सुरू झालेली पडझड कोरियापर्यंत पोहोचली, बँका कोसळल्या आणि एरवी परक्यांना उंबरठाही ओलांडू न देणाऱ्या सरकारांना खरेदीदार शोधावे लागले.

न्यूब्रिज कॅपिटल या अमेरिकी फंडाने २००० च्या सुरुवातीला कोरिया फर्स्ट बँकेचा ५१ टक्के हिस्सा सुमारे ५०,००० कोटी वॉनला घेतला. २००५ मध्ये संपूर्ण बँक स्टँडर्ड चार्टर्डला सुमारे ३.४ लाख कोटी वॉनला विकली गेली. उरलेला हिस्सा कोरियन सरकारी संस्थांकडे होता, त्यामुळे सरकारी तिजोरीलाही या विक्रीतून पैसा मिळाला. जपानमध्ये सरकारजमा झालेली लाँग-टर्म क्रेडिट बँक रिपलवूड या अमेरिकी फंडाच्या गटाने २००० मध्ये घेतली, तिचं नाव शिनसेई ठेवलं आणि फेब्रुवारी २००४ मध्ये ती पुन्हा शेअर बाजारात आणली.

हे व्यवहार गुंतवणूकदारांच्या दृष्टीने यशस्वी ठरले, लोकांच्या मनात मात्र कडवटपणा राहिला. 'आमच्या अडचणीत स्वस्तात घेतलं आणि नफा घेऊन निघून गेले' ही भावना कोरियात फार खोल रुजली. लोन स्टार या अमेरिकी फंडाने २००३ मध्ये कोरिया एक्सचेंज बँकेचा ताबा घेतला. बँक विकून बाहेर पडायला २०१२ उजाडलं. मधल्या काळात सरकारी चौकश्या, खटले, अडलेल्या परवानग्या, सगळं झालं. त्यावरून लोन स्टारने कोरियन सरकारविरुद्ध २०१२ मध्ये सुरू केलेला आंतरराष्ट्रीय लवादाचा वाद दहा वर्षांहून जास्त चालला. माझ्या मते आशियात पैसा लावणाऱ्या प्रत्येकाने पहिल्यांदा हे प्रकरण वाचावं. खरेदीच्या वेळी मिळालेली परवानगी विक्रीच्या वेळीही मिळेलच असं नसतं, हे त्यातून स्वच्छ दिसतं.

भारतात?

भारतातला पहिला मोठा धडा सुखाचा होता. वॉरबर्ग पिंकस या अमेरिकी फंडाने १९९९ ते २००१ या काळात भारती समूहाच्या दूरसंचार कंपनीत सुमारे २९ कोटी डॉलर घातले. २००५ पर्यंत त्याचे दीड अब्ज डॉलरहून जास्त झाले. मार्च २००५ मध्ये त्यांनी कंपनीतला सुमारे ६ टक्के हिस्सा शेअर बाजारात एका तासाच्या आत विकला. एवढा मोठा हिस्सा मुंबईच्या बाजारात इतक्या सहज खपतो हे पाहिल्यावर परदेशी फंडांची रीघ लागली.

२००५ ते २००८ या काळात आलेला पैसा पायाभूत सुविधा, बांधकाम आणि वीज यांत भरपूर गेला, आणि बहुतेक ठिकाणी अल्पमताचा हिस्सा घेऊन. नंतर जमीन अडकली, परवाने अडकले, कोळसा मिळेना. प्रमोटरला, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकाला, घाई नव्हती, फंडाला होती. ताबा नसल्यामुळे फंडाला कंपनी विकताही येईना. त्या पिढीतल्या कित्येक फंडांचे परतावे निराशाजनक राहिले आणि काही परदेशी नावांनी भारतातून काढता पाय घेतला.

रुपया घसरला तर खरंच एवढा फरक पडतो?

हिशेब मांडून बघू. जानेवारी २००८ मध्ये डॉलर ४० रुपयांच्या आसपास होता. एका फंडाने १० कोटी डॉलर आणले असं समजा. त्याचे ४०० कोटी रुपये झाले. कंपनी चांगली निघाली, साडेपाच वर्षांत हिश्श्याची किंमत दुप्पट, म्हणजे ८०० कोटी. रुपयांत हा वर्षाला १३ टक्क्यांहून थोडा जास्त परतावा.

आता जून २०१३ च्या शेवटी विक्री. डॉलर ६० च्या आसपास. ८०० कोटींचे जेमतेम १३.३ कोटी डॉलर हातात येतात. दुप्पट झालेला पैसा डॉलरमध्ये फक्त एक तृतीयांशाने वाढला, वर्षाला ५ टक्क्यांच्या थोडं वर. त्यातून शुल्क वजा करायचं अजून बाकी आहे. ८ टक्क्यांची पायरीच ओलांडली नाही, म्हणून जीपीला कॅरी शून्य. कंपनी उत्तम, प्रमोटर प्रामाणिक, निवड अचूक, आणि तरी फंड अपयशी.

जपानी येन आणि इंडोनेशियाचा रुपिया यांतही याच धर्तीचं दुखणं आहे. चलनाचा विमा काढता येतो, पण पाच-सहा वर्षांसाठी तो इतका महाग पडतो की बरेच फंड तो काढतच नाहीत.

आशिया हा एकच बाजार मानता येतो का?

नाही. फंडाच्या नावात 'आशिया' असतं ते पैसा गोळा करायच्या सोयीसाठी. केकेआर या अमेरिकी संस्थेचा पहिला आशियाई फंड २००७ मध्ये ४ अब्ज डॉलरचा होता, २०२१ मधला चौथा १५ अब्ज डॉलरचा. हाँगकाँगमध्ये वाढलेली बेअरिंग प्रायव्हेट इक्विटी एशिया ही संस्था स्वीडनच्या ईक्यूटीने २०२२ मध्ये ६.८ अब्ज युरोंच्या व्यवहारात आपल्यात घेतली. पैसा एका पिशवीत येतो, पण खर्च होताना चीनचा कायदा वेगळा, जपानची संस्कृती वेगळी, भारतातला प्रमोटर वेगळा. एका देशातला अनुभव दुसरीकडे क्वचितच कामाला येतो.

चीनमध्ये नेमकं काय बिनसलं?

दीर्घकाळ आशियातल्या पैशाचा सर्वांत मोठा वाटा चीनमध्ये जात होता. तिथेही परक्यांना ताबा देण्याबद्दलची अढी जुनीच. कार्लाइल या अमेरिकी फंडाने २००५ मध्ये झुगाँग या बांधकाम यंत्रं बनवणाऱ्या सरकारी कंपनीचा ८५ टक्के हिस्सा घ्यायचा करार केला. आरडाओरड झाली, हिस्सा आधी ५० आणि मग ४५ टक्क्यांवर आला आणि २००८ मध्ये कार्लाइलने नाद सोडला. त्यामुळे बहुतेक फंडांनी इंटरनेट कंपन्यांत अल्पमताचे हिस्से घेतले आणि न्यूयॉर्क किंवा हाँगकाँगच्या बाजारात नोंदणी करून बाहेर पडायचा रस्ता धरला. हा रस्ता फार वर्षं चालला.

मग एका वर्षाच्या आत तीन धक्के बसले. नोव्हेंबर २०२० मध्ये अँट समूह या डिजिटल पेमेंट कंपनीची भागविक्री (आयपीओ) शेअर बाजारात व्यवहार सुरू व्हायच्या दोन दिवस आधी थांबवली गेली. ३० जून २०२१ रोजी दीदी ही अॅपवरून टॅक्सी पुरवणारी चिनी कंपनी न्यूयॉर्कच्या बाजारात आली आणि दोनच दिवसांत चिनी सायबर नियामकाने तिची चौकशी जाहीर केली. पुढच्या वर्षी तिला न्यूयॉर्कमधून नाव काढावं लागलं. जुलै २०२१ मध्ये शालेय विषयांच्या खासगी शिकवण्या ना-नफा करण्याचा आदेश निघाला. त्या क्षेत्रातली परदेशी गुंतवणूक एका फटक्यात मातीमोल झाली.

चिनी इंटरनेट कंपन्यांतल्या परदेशी मालकीची रचनाही मुळात नाजूक आहे. केमन बेटांवरच्या कंपनीचे शेअर परदेशी गुंतवणूकदाराकडे, आणि त्या कंपनीचे चीनमधल्या खऱ्या कंपनीशी फक्त करार. मालकी नाहीच, करारांवर सगळी भिस्त. बीजिंगने २०२३ पासून परदेशातल्या नोंदणीसाठी नियामकाकडे कागदपत्रं दाखल करणं बंधनकारक केलं. दुसऱ्या बाजूने, सेमीकंडक्टर, क्वांटम आणि कृत्रिम बुद्धिमत्तेतल्या ठरावीक चिनी कंपन्यांत अमेरिकी पैसा घालण्यावर अमेरिकेचे निर्बंध २ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. सेकोया या अमेरिकी संस्थेने तर २०२३ मध्ये आपले तुकडेच केले: चीनचा भाग होंगशान झाला, भारत आणि आग्नेय आशियाचा पीक एक्सव्ही.

चीनमध्ये संधी संपल्या असं मी म्हणणार नाही. तिथे आता स्थानिक युआन फंड आणि सरकारी पैसा पुढे आहे, आणि परदेशी कंपन्यांचे चिनी विभाग विकत घेण्याचे व्यवहार होतात. पण नियम एका रात्रीत बदलू शकतो, ही जोखीम कोणत्याही तक्त्यात नीट बसवता येत नाही.

मग सगळे जपानकडे का वळले?

कारणं तीन, आणि तिन्ही खरी आहेत. पहिलं, व्याजदर इतके कमी होते की कर्ज काढून कंपनी घेणं परवडत होतं. दुसरं, वारस नसलेले वयस्क मालक. कंपनी नफ्यात आहे, मुलांना ती चालवायची नाही, मग विकायची कोणाला? तिसरं कारण नियमांचं. टोकियो शेअर बाजाराने मार्च २०२३ मध्ये नोंदणीकृत कंपन्यांना भांडवलाचा खर्च आणि शेअरची किंमत याकडे लक्ष द्यायला सांगितलं. ज्यांच्या शेअरचा भाव पुस्तकी किमतीपेक्षा (ताळेबंदातल्या निव्वळ मालमत्तेपेक्षा) खाली होता, त्या कंपन्यांवर यामुळे दबाव आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथल्या अर्थ-उद्योग मंत्रालयाने मार्गदर्शक तत्त्वं काढली: कंपनी घेण्याचा गंभीर प्रस्ताव आला तर संचालक मंडळाने तो उडवून लावू नये, विचारात घ्यावा.

हिताचीसारख्या समूहांनी त्याआधीच मुख्य व्यवसायाबाहेरच्या कंपन्या विकायला काढल्या होत्या. केकेआर आणि बेन कॅपिटल यांनी त्यातल्या काही घेतल्या. तोशिबा तर १९४९ पासून बाजारात होती. जपान इंडस्ट्रियल पार्टनर्सच्या गटाने सुमारे २ लाख कोटी येनना ती घेतली आणि २० डिसेंबर २०२३ रोजी ती बाजारातून बाहेर पडली.

तिथेही विक्री सोपी नसते. तोशिबाचा मेमरी चिपचा धंदा बेनच्या गटाने २०१८ मध्ये घेतला. २०२० मधली भागविक्री पुढे ढकलावी लागली. किओक्शिया या नावाने ती कंपनी बाजारात आली डिसेंबर २०२४ मध्ये. साडेसहा वर्षं, आणि तेव्हाही फंडाकडे मोठा हिस्सा शिल्लकच होता.

आग्नेय आशियाबद्दल एवढं बोललं जातं, ते कितपत खरं?

लोकसंख्या तरुण आहे, मध्यमवर्ग वाढतो आहे, हे खरं. पण सहा मोठ्या अर्थव्यवस्था, सहा चलनं, सहा कायदे, आणि शेअर बाजार उथळ. अॅपवरून टॅक्सी आणि जेवण पुरवणारी सिंगापूरची ग्रॅब डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत नॅसडॅकवर गेली आणि पहिल्याच दिवशी पाचव्या हिश्श्याच्या आसपास घसरली. त्याच प्रकारच्या धंद्यातली इंडोनेशियाची गोटू एप्रिल २०२२ मध्ये जकार्ताच्या बाजारात ३३८ रुपियांना आली, पुढे शंभराच्याही खाली गेली. माझं मत: तिथे रुग्णालयं, खाद्यपदार्थ, डेटा सेंटर अशा कंटाळवाण्या वाटणाऱ्या धंद्यांत फंडांचं जास्त बरं चाललं आहे.

आशियातले प्रमोटर ताबा द्यायला तयार का नसतात?

कारण कंपनी ही घराण्याची ओळख असते. लग्नं तिच्या नावावर जुळतात, गावातला मान तिच्यावर असतो, शिवाय काकांच्या मुलाची आणि मेहुण्याची नोकरी तिथे असते. भांडवल हवं असतं, पण साहेब बदललेले नको असतात. म्हणून भारतात वर्षानुवर्षं अल्पमताचे व्यवहारच होत राहिले.

गेल्या दशकात हे बदललं. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्याने कर्जबुडव्या प्रमोटरच्या हातून कंपनी जाऊ शकते हे दाखवून दिलं. पुढच्या पिढीला वेगळं काही करायचं असतं. आणि चांगला भाव आला तर विकण्यात कमीपणा नाही, हेही हळूहळू पचनी पडलं. ब्लॅकस्टोन या अमेरिकी फंडाने २०१६ मध्ये एम्फसिस या आयटी कंपनीचा बहुमताचा हिस्सा घेतला तो ह्यूलेट पॅकार्डकडून. पण घराण्याकडून घेतलेली जे. बी. केमिकल्स ही औषध कंपनी हे जास्त बोलकं उदाहरण आहे. जुलै २०२० मध्ये केकेआरने संस्थापक मोदी कुटुंबाकडून सुमारे ५४ टक्के हिस्सा जवळपास ३,१०० कोटी रुपयांना घेतला, व्यावसायिक मुख्याधिकारी आणला, ब्रँड विकत घेतले. जून २०२५ मध्ये टोरंट फार्माशी करार झाला तो ४६.३९ टक्के हिश्श्यासाठी ११,९१७ कोटींचा. ताबा असला की विक्रीची वेळ फंड ठरवतो, आणि खरेदीदाराला आख्खी कंपनी देता येते. अल्पमताच्या हिश्श्याला असा भाव कोणी देत नाही.

एक कायदेशीर बाब लक्षात ठेवा: भारतात नोंदणीकृत कंपनीचा २५ टक्के किंवा जास्त हिस्सा घेतला की इतर भागधारकांसाठी आणखी २६ टक्क्यांची खुली ऑफर द्यावी लागते. त्यामुळे २४.९ टक्क्यांवर थांबलेले व्यवहार वारंवार दिसतात.

करारात फंड स्वतःला वाचवण्यासाठी काय लिहून घेतो?

भागधारक करार जाडजूड असतो, पण जीव चार-पाच कलमांत असतो. संचालक मंडळावर जागा. ठरावीक निर्णयांवर नकाराधिकार: नवं कर्ज, प्रमोटरच्या नातेवाइकांच्या कंपन्यांशी व्यवहार, अर्थप्रमुखाची नेमणूक. प्रमोटरने हिस्सा विकला तर त्याच भावाने आपलाही विकण्याचा हक्क, टॅग-अलाँग. आणि मुदत उलटून गेली, भागविक्री झाली नाही, तर प्रमोटरलाही सोबत खेचून संपूर्ण कंपनी विकण्याचा हक्क, ड्रॅग-अलाँग. सही करताना प्रमोटर हे कलम भरभर वाचतात. नको तेव्हा ते समोर येतं.

कागदावरचा हक्क वसूल होईलच असंही नाही. डोकोमो ही प्रायव्हेट इक्विटी नव्हे, जपानची दूरसंचार कंपनी, पण तिचं प्रकरण सगळे वकील अजून सांगतात. टाटा टेलिसर्व्हिसेसमधला हिस्सा किमान निम्म्या खरेदी किमतीला परत विकण्याचा हक्क करारात होता. परदेशी गुंतवणूकदाराला ठरावीक भावाची हमी देता येत नाही या रिझर्व्ह बँकेच्या नियमावर गाडी अडली. लंडनच्या लवादाने २०१६ मध्ये १.१७ अब्ज डॉलरचा निवाडा दिला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने तो २०१७ मध्ये मान्य केला, तेव्हा पैसे सुटले. चीनमध्येही अशीच परतफेडीची कलमं घेऊन फंड संस्थापकांना वैयक्तिकरीत्या कोर्टात खेचत आहेत. हे मला चुकीचं वाटतं. इक्विटी म्हणून दिलेला पैसा धंदा बुडाल्यावर कर्जासारखा मागणं हे गुंतवणुकीच्या मूळ कल्पनेलाच धरून नाही.

'एक्झिट' एवढी कठीण का?

रस्ते मोजकेच: भागविक्री, दुसऱ्या उद्योगाला विक्री, दुसऱ्या फंडाला विक्री, किंवा प्रमोटरनेच हिस्सा परत घेणं. चीनच्या रस्त्यावर २०२१ नंतर काय झालं ते वर आलंच. भारताची ताकद अशी की इथला शेअर बाजार खोल आहे, म्युच्युअल फंडांत दरमहा घरगुती पैसा येतो, त्यामुळे मोठे हिस्से खपतात.

विशाल मेगा मार्टची कहाणी पाहा. विशाल रिटेल कर्जात बुडाल्यावर २०११ मध्ये टीपीजी हा अमेरिकी फंड आणि श्रीराम समूह यांनी तिचा व्यवसाय घेतला. २०१८ मध्ये त्यांनी तो केदारा कॅपिटल आणि स्वित्झर्लंडच्या पार्टनर्स ग्रुपला विकला. डिसेंबर २०२४ मध्ये ८,००० कोटी रुपयांची भागविक्री झाली, आणि ती सगळीच्या सगळी 'ऑफर फॉर सेल' होती. म्हणजे कंपनीला त्यातला एक रुपयाही मिळाला नाही, पैसा गेला जुन्या मालकांकडे. यात गैर काही नाही, पण आयपीओला अर्ज करणाऱ्याने माहितीपत्रकात ताजे शेअर किती आणि ऑफर फॉर सेल किती हे पाहायलाच हवं. फंड बाहेर पडतो आहे आणि आपण आत जातो आहोत, मग 'हाच भाव का?' हा प्रश्न विचारणं आपलं काम.

खरेदीदार मिळाला नाही की हल्ली 'कंटिन्युएशन फंड' काढतात. जुन्या फंडातली कंपनी त्याच जीपीच्या नव्या फंडाला विकायची. विकणारा आणि घेणारा एकच, त्यामुळे भाव कोणी ठरवला हे बारकाईने तपासावं लागतं.

फंडाचा परतावा मोजताना कोणता आकडा पाहावा?

आयआरआर, म्हणजे पैसा किती काळ लागला ते धरून काढलेला वार्षिक परतावा, सगळे सांगतात, पण तो फुगवता येतो: आधी थोड्या दिवसांचं कर्ज काढून खरेदी करायची आणि एलपींकडून पैसा उशिरा मागायचा, की टक्केवारी वर जाते. मी डीपीआय (भरलेल्या पैशाच्या प्रमाणात परत आलेला पैसा) आधी बघेन. भरलेल्या प्रत्येक रुपयामागे रोख किती परत आले, एवढंच तो सांगतो. १ च्या खाली असेल तर मुद्दलही अजून आलेलं नाही. आशियाई फंडांकडे एलपी आज हाच आकडा मागतात, आणि नवे फंड उभे राहायला जड का जातं याचं उत्तरही बरंचसं त्यातच आहे.

कर्ज काढून कंपन्या घेण्याचा प्रकार इथेही आहे का?

अमेरिकेच्या मानाने कमी. भारतात बँकांना शेअर खरेदीसाठी कर्ज देण्यावर दीर्घकाळ बंधनं होती, त्यामुळे फंड रोखे, बिगरबँक वित्तसंस्था किंवा परदेशातून कर्ज उभं करत. भारतीय कंपन्यांनी केलेल्या अधिग्रहणांना बँकांनी कर्ज द्यावं यासाठी वाट मोकळी करण्याचं धोरण रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं.

कर्जाचं ओझं काय करतं ते कोरियात दिसलं. एमबीके पार्टनर्स या तिथल्या फंडाने २०१५ मध्ये ब्रिटनच्या टेस्कोकडून होमप्लस ही सुपरमार्केट साखळी सुमारे ७.२ लाख कोटी वॉनला घेतली. कर्ज फेडण्यासाठी दुकानांच्या जागा विकल्या आणि त्याच जागा भाड्याने घेतल्या, म्हणजे व्याज कमी झालं तरी भाडं वाढलं. तोवर ग्राहक ऑनलाइन खरेदीकडे गेला. मार्च २०२५ मध्ये होमप्लसने न्यायालयाकडे पुनर्वसनासाठी धाव घेतली. हजारो कामगार, भाजीपाला पुरवणारे, दुकानातले गाळेधारक, यांतल्या कोणालाही त्या कर्जाबद्दल कधी विचारलं नव्हतं. मला या व्यवसायाबद्दल आस्था आहे, त्याने बुडालेल्या कंपन्या उभ्या केलेल्या मला दिसतात, पण होमप्लसच्या कामगारांचा राग मला पूर्णपणे रास्त वाटतो.

फसवणूक होते का?

होते, दोन्हीकडून. चीनची लकिन कॉफी मे २०१९ मध्ये नॅसडॅकवर आली आणि एप्रिल २०२० मध्ये २.२ अब्ज युआनची विक्री बनावट असल्याचं तिने कबूल केलं. त्याच कंपनीत आधीपासून असलेल्या सेंच्युरियम कॅपिटल या चिनी फंडाने २०२२ मध्ये ताबा घेतला, कारभार सुधारला, आणि पुढच्याच वर्षी चीनमध्ये लकिनची दुकानं स्टारबक्सपेक्षा जास्त झाली.

दुसरं प्रकरण फंडाचंच. दुबईचा अब्राज समूह जवळपास १४ अब्ज डॉलर सांभाळत होता. त्याच्या १ अब्ज डॉलरच्या आरोग्य फंडातल्या गुंतवणूकदारांनी, ज्यांत गेट्स फाउंडेशन होतं, एक साधा प्रश्न विचारला: रुग्णालयांसाठी मागवलेला पैसा अजून खर्च का झाला नाही, आणि तो आहे कुठे? उत्तर धड मिळेना. जून २०१८ मध्ये समूह दिवाळखोरीत गेला. प्रत्येक एलपीने बँक खात्याचा उतारा मागायला लाजू नये, एवढं त्यातून घ्यावं.

सामान्य माणसाला यात पैसे घालता येतात का?

थेट फारसं नाही. भारतात हे फंड सेबीच्या २०१२ च्या पर्यायी गुंतवणूक निधी नियमांखाली, बहुतेक श्रेणी २ मध्ये येतात, आणि किमान गुंतवणूक १ कोटी रुपये. पैसा आठ-दहा वर्षं अडकतो. हा उंबरठा मला योग्य वाटतो. आडवाटेने संबंध येतोच: फंडाने वाढवलेल्या कंपनीचा आयपीओ, किंवा रीट (भाड्याच्या इमारतींत पैसा घालणारा, शेअर बाजारात नोंदलेला निधी). भारतातली पहिली रीट, २०१९ ची एम्बसी ऑफिस पार्क्स, ब्लॅकस्टोनच्या भागीदारीतून आलेली.

माझी मध्यम आकाराची कंपनी आहे. फंड दारात आला तर काय विचारू?

सर्वांत आधी विचारा, तुमचा हा फंड कोणत्या वर्षी सुरू झाला? नवा असेल तर तुमच्याकडे पाच-सहा वर्षं आहेत. सहाव्या-सातव्या वर्षातला असेल तर दोन वर्षांत विक्रीचा तगादा सुरू होणार, मग तुमचा नवा कारखाना अर्ध्यावर असो वा नसो.

मग विचारा की आमच्या संचालक मंडळावर बसणारी व्यक्ती कोण, आणि ती नोकरी सोडून गेली तर कोण येईल? फंडाने आधी घेतलेल्या तीन कंपन्यांच्या मालकांचे फोन नंबर मागा, आणि त्यातली एक अशी असू द्या जिथे धंदा बसला होता. चांगल्या काळात सगळेच गोड बोलतात. मंदीत फंडाने आणखी पैसा घातला की वकिलाची नोटीस पाठवली, हे तो मालकच सांगू शकतो.

आपला वकील स्वतंत्र ठेवा, फंडाने सुचवलेला नको. आणि ड्रॅग-अलाँगच्या कलमात किमान भाव आणि किमान वर्षं हे दोन आकडे लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.